पणजोबा दोनदा वारले आणि मग त्र्यंबकला गेले

आमच्या घराण्याची वंशावळ शोधतोय. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की पणजोबांचं मृत्यूचं साल मिळालं, आता पुढची पिढी. ते शब्द परत घेतो. गेल्या तीन महिन्यांत त्यांची आणखी दोन सालं सापडली, आणि त्यातल्या एकात ते चक्क हयात आहेत.

(घरच्यांना नावं चारचौघांत नकोत, म्हणून पणजोबा, आजोबा, आत्या एवढ्यावरच भागवतो. गाव सिन्नर तालुक्यातलं.)

आत्याचं म्हणणं, "प्लेगात गेले." कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत (गाव नमुना १४), तारीख १६ ऑक्टोबर १९१८, कारण 'ताप'. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या वहीत, वारसनोंद १९२३ ची. आणि त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्याच नावाचे, त्याच गावचे गृहस्थ शके १८४६ मध्ये स्वहस्ते सही ठोकून गेलेत. १८४६ अधिक ७८, म्हणजे १९२४.

फेरफाराचं कोडं सोपं निघालं. माणूस गेला म्हणून दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे कुणी धावत नाही. कर्ज काढायचं असतं किंवा भावकीत बांधावरून वाजतं, तेव्हा वारस लागतात. त्यामुळे १९२३ हे मरणाचं नव्हे, कागदाचं साल. पण त्याच उताऱ्यात आजोबांपुढे लिहिलंय, 'अज्ञान, वय ७, अ.पा.क. आई', म्हणजे वारस अल्पवयीन आणि अज्ञान पालनकर्ती त्याची आई. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचा जन्म १ जून १९१६. आता १ जून हा गुरुजींनी टेकवलेला दिवस, आपल्यापैकी निम्म्यांचे आजोबा त्याच दिवशी जन्मलेत! पण साल जुळतं. म्हणजे आत्याच्या 'प्लेगात'चा अर्थ १८९७ चा प्लेग लावणारा मी, चूक माझी.

१९१८ च्या ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाने कहर केला होता. लोक त्याला मानमोडी म्हणत. सरकारी नोंदींत ती बरीचशी मरणं 'ताप' या रकान्यात गेली. आमच्या गावाचं ते पान डोळ्यांसमोरून हलत नाही. ताप, ताप, ताप, आणि खाली खाली अक्षर इतकं घाईचं की पाटलाचा हात दुखत असावा. पुढच्या पिढ्यांच्या तोंडी सगळ्या साथींना एकच नाव उरलं, प्लेग.

आता दिवस. आमच्याकडे पणजोबांचं श्राद्धाचं पान खंडेनवमीला ठेवतात. १९१८ चं पंचांग हाताशी नव्हतं, पण त्याची गरजही पडली नाही. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो दसरा, १५ ऑक्टोबर १९१८. सिन्नरकडच्या माणसाला ही तारीख पाठ असते. म्हणजे खंडेनवमी १४ ला आणि कोतवाल बुकात १६. दोन दिवसांचा फरक मला आधी खुपला, नंतर बरा वाटला. त्या आठवड्यात गावात मयतांची रांग लागलेली, त्यात सण, वर्दी दोन दिवसांनी पोचली असणार. तिथीवर मी जास्त विश्वास ठेवतो, कारण पान ठेवणाऱ्याला तारखेशी देणंघेणं नव्हतं आणि तो दिवस दरवर्षी पुन्हा मोजला गेला.

राहिली वही. आधी वाटलं, मीच आकडा चुकीचा वाचला, १८४० असेल, म्हणजे १९१८. पण शेजारीच 'रक्ताक्षी नाम संवत्सरे' होतं. संवत्सर म्हणजे शकाच्या त्या वर्षाचं ठरलेलं नाव. १८४० चा संवत्सर कालयुक्त, रक्ताक्षी १८४६ लाच येतो. (जुनी नोंद वाचताना शकाबरोबर संवत्सर ताडून बघाच. आकडा पुसट होतो, नाव टिकतं.) त्यामुळे आकडा बरोबर होता.

मग एका मोडी जाणणाऱ्या मित्राला फोटो दाखवला. मोडीत शब्द सुटे नसतात, रेघ ओढायची आणि हात न उचलता लिहीत जायचं. मी ज्याला एकच लांबलचक नाव समजत होतो, त्यात मध्येच 'बिन', म्हणजे 'अमक्याचा मुलगा', लपलेलं होतं. बापाचं नाव वेगळं! पणजोबांच्या धाकट्या चुलत्याचं. दोघा भावांनी आपापल्या मुलाला आपल्याच बापाचं नाव दिलं, चालत आलेली रीत, आणि मला तीन महिने फिरवलं. १९२४ ला त्र्यंबकला गेले ते चुलतभाऊ.

तरीही कोतवाल बुकातला मयत कोणता, हा प्रश्न होताच, तिथे बापाचं नाव लिहिलेलंच नाही. पण चुलतभाऊ १९२४ मध्ये सही करतो आणि १९२३ मध्ये आजोबांची आई पालनकर्ती आहे, एवढ्यावर मी निकाल लावलाय. गावात त्याच नावाचा तिसरा कुणी निघाला तर हा पत्त्यांचा बंगला कोसळेल, म्हणून १९१० ते १९२५ ची पानं पुन्हा चाळतोय. त्यातली पाच वर्षांची चाळून झाली, दोन पानं वाळवीने खाल्लेली.

नवी भानगड मात्र पणजीची. फेरफारात तिच्या अंगठ्याशेजारी जे नाव आहे ते घरात कुणीच ऐकलेलं नाही. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "अरे, ते तिचं माहेरचं असेल. सासरी बदललं होतं." मग माहेर कुठलं? आत्या बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आईला विचारायला हवं होतं."