ट्रायपॉडला कॅमोफ्लाज रंग: अडतं ते रंगाच्या दोन हातांमधल्या वेळेत

वन्यजीव छायाचित्रणासाठी ट्रायपॉड, लेन्सहूड (लेन्सपुढे बसणारी, आडवा उजेड अडवणारी नळी) आणि सामानाची प्लास्टिकची पेटी यांना घरीच स्प्रेने कॅमोफ्लाज, म्हणजे आसपासच्या झाडोऱ्यात मिसळून जाणारा रंग दिला. घासणं, पुसणं, फवारणं यात विशेष अडचण नव्हती. अडलं ते एका रंगावर दुसरा रंग देताना, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. डब्याच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की रंग मिनिटांत सुकतो. खरी कामाची ओळ मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावी इतकी बारीक: दुसरा हात १ तासाच्या आत द्या, नाहीतर ४८ तासांनंतर. काही डब्यांवर हाच आकडा २४ असतो. ही ओळ दर्शनी बाजूलाच छापायला हवी.

सिंथेटिक इनॅमल दोन टप्प्यांत सुकतो. आधी त्यातलं द्रावक उडून जातं. मग उरलेलं रेझिन (रंगाला धरून ठेवणारी राळ) हवेतला ऑक्सिजन घेत आतून जोडलं जातं आणि कडक होतं. पहिल्या टप्प्याला मिनिटं किंवा काही तास लागतात, दुसऱ्याला दिवस. पहिल्या तासात सगळा थर सारखाच मऊ असतो, त्यामुळे नवा हात त्यात मिसळून जातो. ४८ तासांनी थर एवढा पक्का होतो की नव्या रंगातलं द्रावक त्याला हलवू शकत नाही. मधल्या वेळेत मात्र तापवलेल्या दुधासारखी स्थिती असते: वर साय, खाली पातळ. द्रावक त्या सायीतून आत शिरतं, साय फुगते, तिला पसरायला जागा नसते आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उठतात. हाताला कोरडा लागतो म्हणून दुसरा हात द्यायला हरकत नाही, हा समज इथेच घात करतो.

एकाच रंगाचं काम असेल तर ही अट पाळणं सोपं आहे. कॅमोफ्लाजला ती आडवी येते, कारण इथे तीन-चार रंग लागतात आणि मधे स्टेन्सिल ठेवायचं असतं. पान, जाळी किंवा कापलेला पुठ्ठा ओल्या रंगावर टेकवला की चिकटतो आणि उचलताना रंग घेऊन येतो. तो टेकवण्याइतका रंग घट्ट होईपर्यंत बहुधा तो १ तास संपलेला असतो.

यातून तीन वाटा निघतात. पहिली: सगळे रंग तासाभरात उरकायचे आणि स्टेन्सिल पृष्ठभागापासून २-३ सेंटिमीटर दूर धरायचं. कडा धूसर येतात, ते वाईट दिसत नाही. दुसरी: प्रत्येक रंगानंतर पूर्ण ४८ तास थांबायचं आणि स्टेन्सिल टेकवून रेखीव कडा मिळवायच्या. तिसरी: इनॅमल सोडून अॅक्रिलिक लॅकर वापरायचा. तो फक्त द्रावक उडून सुकतो, त्याला दुसऱ्या हातासाठी अशी मधली बंद वेळ नसते आणि पातळ हातांमध्ये १५-३० मिनिटं पुरतात. पण अर्ध्या सुकलेल्या इनॅमलवर लॅकर मारू नका. त्याचं थिनर जास्त तिखट असतं, सुरकुत्या हमखास येतात.

मी ट्रायपॉडच्या पायांसाठी इनॅमल आणि ४८ तासांचा मार्ग धरला, कारण झाडाझुडपांत घासण्याला इनॅमल जास्त टिकतो. हूडसाठी अॅक्रिलिक. डब्यावरचे आकडे साधारण २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेसाठी असतात. हवा थंड किंवा दमट असली, किंवा हात जाड बसला, तर ४८ तासही कमी पडतात. वस्तू बंद कपाटात ठेवली तरी तेच होतं, कारण रंगाला पक्कं व्हायला हवा लागते. वाहती कोरडी हवा द्या. हीटरसमोर ठेवण्याचा मोह आवरा. कार्बन फायबरचे पाय धातूच्या जोडांमध्ये इपॉक्सीने चिकटवलेले असतात, त्यांना उष्णता सोसत नाही.

आणि ही अट शेवटच्या मॅट क्लिअर कोटलाही, म्हणजे बिनचमकीच्या पारदर्शक थरालाही, लागू आहे. बरेच जण रंगाच्या वेळी थांबतात आणि क्लिअर कोट मात्र त्याच संध्याकाळी मारतात. सुरकुत्या उठल्याच तर वरून आणखी रंग देऊन त्या झाकल्या जात नाहीत. आठवडाभर पूर्ण सुकू द्या, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा, तिथून पुन्हा सुरुवात. त्यामुळे खऱ्या वस्तूआधी त्याच प्लास्टिकच्या किंवा धातूच्या भंगार तुकड्यावर सगळे थर त्याच क्रमाने देऊन बघा. तुकडा सुकल्यावर ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा पाडा, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर दोष रंगात कमी, खालच्या तयारीत जास्त असतो.

तयारी म्हणजे आधी भांडी घासायच्या साबणाने धुणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, मग ३२० ते ४०० नंबरच्या पेपरने चमक मारणं, मग पुन्हा पुसणं. क्रम उलटा केला तर तेलकटपणा ओरखड्यांत भरला जातो. अॅसिटोन किंवा थिनर हूडवर वापरू नका, पॉलिकार्बोनेट आणि एबीएस ही प्लास्टिकं त्याने तडकतात. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमला सेल्फ-एचिंग प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित कोरून पकड घेणारं अस्तर, लागतो. पेटीच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर ते पॉलिइथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलिन आहे. त्यावर अॅढिजन प्रमोटरशिवाय (रंगाची पकड वाढवणाऱ्या अस्तराशिवाय) रंग धरत नाही, आठवड्यात पोपडे निघतात. आकडा सापडला नाही तर प्लास्टिकची बारीक कपची पाण्यात टाका, ही दोन्ही प्लास्टिकं सहसा तरंगतात.

ट्रायपॉडच्या पायाची फक्त बाहेरची नळी रंगवायची. आतल्या नळ्यांवरचा थर लॉकमध्ये (पायाची लांबी पक्की करणाऱ्या कड्यांत) अडकतो आणि खरवडून निघतो. लॉकचे आटे, रबराच्या कड्या, हूडची लेन्सवर बसणारी खाच हे सगळं मास्किंग टेपने झाका. हूडची आतली बाजू काळी मॅटच राहू द्या, नाहीतर उजेड आत उसळून फोटो फिका येतो. साधी मास्किंग टेप चार-पाच दिवस ठेवली तर डिंक मागे राहतो, म्हणून अनेक दिवस चालणारी पेंटर टेप घ्या. ती काढण्याआधी कडेवरून ब्लेड फिरवा, म्हणजे कोरड्या थराचा तुकडा सोबत येणार नाही.

लेन्सच्या नळीला रंग देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फिरणाऱ्या कड्यांत रंग जातो, आणि अनेक मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढऱ्या असतात त्या उन्हात कमी तापाव्यात म्हणून. तिथे निओप्रिनचं कव्हर किंवा फक्त स्वतःलाच चिकटणारी कापडी पट्टी पुरते.

फवारताना डबा २०-२५ सेंटिमीटरवर धरा. झोत वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, म्हणजे ओघळ येत नाहीत. आधी सगळ्यात फिका रंग, खाकी किंवा वाळूसारखा. त्यावर शेवाळी, मग तपकिरी. काळा अगदी थोडा. पट्टे छोटे ठेवले की लांबून सगळे मिसळून एकच गडद आकार दिसतो. पट्टे मोठे ठेवा आणि कडेवरून पलीकडे न्या. बाह्यरेषा तुटली की काम झालं. ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये प्राण्यांच्या रंगांबद्दल हेच सविस्तर मांडलं होतं. नळीची खालची बाजू थोडी फिकी ठेवली तर सावलीमुळे दिसणारी गोलाई मोडते.

हरणांना लाल-नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, त्यांच्या बाबतीत उजळ-गडद आणि चमक जास्त महत्त्वाची. पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, बऱ्याच पक्ष्यांना अतिनीलही. तिथे छटाही जुळवावी लागते. चमक मात्र दोघांनाही दिसते. मॅट रंगातला चमक मारणारा घटक तळाशी बसतो, म्हणून आतली गोळी सुटून वाजायला लागल्यावरही पूर्ण २ मिनिटं डबा हलवा. दमट हवेत क्लिअर कोट पांढुरका पडतो, त्या दिवशी तो मारू नका.

डीट हे रसायन असलेलं डास पळवणारं मलम हाताला असताना या सामानाला हात लावू नका. ते रंगही विरघळवतं आणि अनेक प्रकारची प्लास्टिकंही. रंग पक्का झाला का हे झाकल्या जाणाऱ्या जागी नखाने दाबून बघा. खूण उमटली किंवा वास येत असला तर सामान बॅगेत भरू नका. लॉकजवळ रंग सगळ्यात आधी जातो. तिथे झाकणात थोडा स्प्रे मारून स्पंजच्या तुकड्याने टिपला की नवा डाग जुन्यात मिसळतो.