बुडापेस्ट: खसखस, कागदी टोपी आणि लोखंडी बूट

हंगेरीत बुडापेस्टला गेलो तेव्हा डोहानी स्ट्रीटचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघून नवरा पहिल्यांदा म्हणाला, "अगं ही मशीद आहे की चर्च?" आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना, दोन उंच मनोरे, त्यांच्यावर कांद्यासारखे घुमट, लाल-पिवळ्या विटांचे पट्टे, आणि आत शिरलं तर चर्चमध्ये असतो तसा ऑर्गन! 1859 साली बांधून झालंय, आर्किटेक्ट व्हिएन्नाचा लुडविग फोर्स्टर, त्याचं म्हणणं असं की ज्यूंची स्वतःची अशी वेगळी बांधकामाची शैली नाही, मग पूर्वेकडची घेऊया. आपल्या पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ नाही का, तेही बाहेरून चर्चच वाटतं आणि निघतं सिनेगॉग. इथे मात्र जवळजवळ 3000 माणसं बसतात, युरोपातलं सगळ्यात मोठं. दारात पुरुषांना कागदाची टोपी देतात, नवऱ्याची सारखी घसरत होती, शेवटी पूजेला बसल्यावर डोक्यावर रुमाल धरतात तशी धरून फिरला बिचारा.

पण बाजूच्या अंगणात गेलो आणि हसणं बंद. तिथे चक्क कबरी आहेत. एरवी सिनेगॉगच्या आवारात कोणी पुरत नाही, पण 1944-45 च्या हिवाळ्यात हा भाग घेट्टो होता, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, भुकेने आणि थंडीने माणसं मरत होती आणि बाहेर न्यायची सोयच नव्हती, दोन हजारांहून जास्त लोक इथेच पुरलेत. फुलं नाहीत, ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे कबरीच्या दगडावर छोटे खडे ठेवलेले. मागच्या बाजूला स्टीलचं विलोचं झाड आहे, इम्रे वर्गा या शिल्पकाराचं. लांबून नुसतं चकाकतं, जवळ जाऊन वाकून बघितलं की पानापानावर नाव, नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या ज्यूंचं. वारा आला की पानं हलतात आणि वाचत असलेलं नाव हातचं जातं, परत शोधायला लागतं.

तिथून पाच मिनिटांवर काझिन्त्सी स्ट्रीट, तिथलं 1913 चं सिनेगॉग गल्लीच्या वळणावर इतकं दाटीत बसवलंय की पूर्ण फोटोत येतच नाही, मी नाद सोडला.

मग कॅफे! न्यूयॉर्क कॅफे 1894 चा, सोनेरी छत, झुंबरं, एके काळी लेखक-पत्रकारांचा अड्डा, म्हणे कधी बंदच होऊ नये म्हणून एका नाटककाराने किल्ली डॅन्यूबमध्ये फेकली होती (खरं-खोटं देव जाणे). रांग बघून आम्ही बाहेरूनच नमस्कार केला आणि ज्यू वस्तीतल्या एका छोट्या दुकानात फ्लोद्नी घेतला. हा ज्यू लोकांचा केक, थरावर थर: खसखस, सफरचंद, अक्रोड, वर आलुबुखारचा जॅम. खसखस म्हणजे आपल्या अनारशाला लावतो तेवढीशी नाही हो, अख्खा काळा जाड थर! दोन तुकडे घेतले, एक तिथेच संपला, दुसरा पिशवीत.

संध्याकाळी 2 नंबरच्या ट्रामने पार्लमेंटपाशी उतरलो. डॅन्यूब नदीच्या काठावर 60 जोड लोखंडी बूट मांडलेत, 2005 पासून. ॲरो क्रॉसवाले, म्हणजे हंगेरीतले नाझींचे साथीदार, ज्यूंना इथे उभं करून गोळ्या घालायचे, आधी बूट काढायला लावायचे, बुटाला किंमत होती ना. त्यात एक जोड अगदी लहान पोराचा आहे, माझ्या तळव्याएवढा, आत कोणीतरी खडा ठेवला होता.

रात्री हॉटेलवर पिशवी उघडली तर दुसऱ्या फ्लोद्नीचा जॅम सगळा कागदाला लागलेला. कोणालाच खावासा वाटला नाही.