बुजवलेलं भोक आणि आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात इलेक्ट्रिक गिटारच्या दुरुस्तीने झाली. मी, धाकटा भाऊ, एक टेबल आणि एक सोल्डरिंग गन. जॅक म्हणजे केबल खुपसायची जागा बदलणं, पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबखालचा भाग साफ करणं, एवढंच काम. भोकं बुजवण्याच्या कामात आम्ही एका गिटारमुळे ओढले गेलो.

तिच्या बॉडीत आधीच्या मालकाने छोट्या टॉगल स्विचसाठी (दांडी वर-खाली करायचा स्विच) सहा-साडेसहा मिलिमीटरचं भोक पाडलं होतं. नव्या वायरिंगमध्ये तो स्विच नको होता. आम्ही पुट्टी भरली, घासली, रंग मारला. गिऱ्हाइकाला देताना वरून बोट फिरवलं तरी भोकाची जागा लागत नव्हती. काही महिन्यांनी हवा कोरडी झाली आणि गिटार परत आली. रंगावर बारीक गोल रेघ उमटली होती. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगतं, आटतं. पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही. ते काम आम्ही पैसे न घेता पुन्हा केलं.

या वेळी लाकडाची गुल्ली बसवायचं ठरवलं. पण तयार गोल दांडीचा तुकडा ठोकला की त्याचं रेघा आडव्या कापलेलं टोक पृष्ठभागावर येतं, ते पॉलिश जास्त पितं आणि गडद ठिपका दिसतो. म्हणून प्लग कटर, म्हणजे फळीतून गोल गुल्ली कापणारं ड्रिलचं पातं, आणलं. त्याच जातीच्या फळीच्या सपाट बाजूतून गुल्ली काढायची, रेघा बॉडीच्या रेघांशी जुळवायच्या, गोंद वाळला की वरचा भाग छिन्नीने हलक्या हाताने उतरवायचा. पहिली नीट जमलेली गुल्ली आम्ही दोघं दिव्याखाली वळवून वळवून बघत बसलो होतो.

पुढे तीच गिटार नव्या मालकाबरोबर आली. त्याला हंबकरची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपची, एक कॉइल बंद करायला स्विच हवा होता, आणि तोही नेमका त्याच जागी. आम्हीच बसवलेली गुल्ली आम्हीच ड्रिलने काढली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला आधी विचारतो, हे भोक पुन्हा लागणार नाही याची खात्री आहे का?

बहुतेकांना नसते. मग लाकडाला हात लावायची गरजच पडत नाही. चार पॉटच्या गिटारमध्ये दोनच हवे असतील तर उरलेले दोन वायर न जोडता जागेवर ठेवायचे, नॉबसकट. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या गिटारवरही नेकजवळचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअप न जोडलेलाच होता. गिब्सन कंपनीने तर बिग्सबी (तारांचा सूर हलवणारा दांडा) लावलेल्या आपल्या काही ईएस-३३५ गिटारवर स्टॉप टेलपीसची (तारा अडकवायच्या नेहमीच्या पट्टीची) भोकं ‘कस्टम मेड’ असं कोरलेल्या पट्टीखाली झाकली. झाकण उघड दिसलं तरी ते नीट बनवलेलं असलं की शोभतं, असं माझं ठाम मत आहे.

आता आमचं निम्मं काम अशी झाकणंच बनवण्याचं आहे. पिकअपच्या रिकाम्या जागेसाठी पोल पीसची (तारांखालच्या चुंबकी खिळ्यांची) छिद्रं नसलेली कव्हरं. ट्यूनरच्या, म्हणजे तार ताणायच्या खुंटीच्या, दहा मिलिमीटरच्या भोकात जुन्या पद्धतीचे बारीक दांड्याचे ट्यूनर बसावेत म्हणून पितळी बुशिंगं (भोक अरुंद करणाऱ्या नळ्या). आणि मला सगळ्यात आवडणारी पॉटच्या भोकाची टोपी: वरून बटणाएवढी घुमटी, खाली आटे, आतून वॉशर आणि नट. नट हातानेच आवळायचा. पाना लावला की टोपीच्या कडेला लॅकर (रंगावरचा चकचकीत थर) तडकतं, हे नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी स्वतः दाखवतो.