नऊ ट्रंका, एक चूल

जनगणनेची ड्युटी लागली की स्टाफरूममध्ये सुतकी शांतता पसरते. फेब्रुवारी 2011 मध्ये माझ्या वाट्याला ठाण्यातला वागळे इस्टेटजवळचा किसननगरचा गट आला. शाळा सुटली की फॉर्मची पिशवी खांद्याला लावून चाळी पालथ्या घालायच्या.

त्या दुपारी एक दार वाजवलं. आत नऊ पुरुष. तिघं रात्रपाळी करून झोपलेले. मला बघून एकानं घाईघाईनं शर्ट चढवला, दुसऱ्यानं स्टूल पुसून पुढे केलं. भिंतीकडेला नऊ ट्रंका, प्रत्येकीवर रंगानं नाव. सगळे रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यातल्या एकाच वाडीचे. स्वयंपाक पाळीपाळीनं, म्हणजे चूल एक, म्हणून फॉर्मही एक. पुरुष असेल तर 1, स्त्री 2, इतर 3. मी नऊ वेळा 1 लिहिला. नवांपैकी सात विवाहित. त्या सात बायका माझ्या कागदावर कुठेच नव्हत्या.

ज्यांना सगळे तात्या म्हणत होते ते म्हणाले, "बाई, आमची नावं गावाला लावलीत हो. मास्तर येऊन गेले परवा."

नियम असा, की त्या दिवसांत माणूस जिथे राहतो तिथेच मोजायचा. हे सांगितलं आणि खोलीत गलका झाला. रेशनकार्डावरचं नाव जाणार का? घरावरचा हक्क? ही माहिती गोपनीय असते, तिचा रेशनशी काही संबंध नाही, हे पटवण्यात अर्धा तास आणि दोन कप चहा गेला. शेवटी तात्यांनी गावी फोन लावला. "मास्तरांना सांग, माजं नाव तिकडं नको. दोगा पोरांचं पण नको. इकडं लावलंय."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मग घरात बाप्या म्हणून लिवायचा कोन?"

सगळे हसले. तात्या नाही.

निकाल आले तेव्हा मी मुद्दाम बघितलं. ठाणे जिल्ह्यात (पालघर तेव्हा त्यातच) दर 1000 पुरुषांमागे 886 स्त्रिया, रत्नागिरीत 1122. इतका ओळखीचा आकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

नववीच्या वर्गात हे मोठ्या ऐटीत सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण बाई, गावचे पुरुष ठाण्याला आले तर देशाची बेरीज कशी बदलेल?"

बदलत नाहीच. आणि तरी 1901 साली देशात दर 1000 पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या, 1991 ला 927 उरल्या. शंभर माणसांत पुरुष 50.7 होते ते 51.9 झाले. ऐकायला सव्वा टक्का, पण 1991 च्या मोजणीत पुरुष स्त्रियांपेक्षा तीन कोटींहून जास्त भरले. 2011 ला आकडा 943 वर आला खरा. बायका जास्त जगू लागल्या होत्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा मात्र उलटा घसरला: 2001 ला 927, 2011 च्या प्राथमिक आकड्यांत 914. इथे स्थलांतराचं कारण चालत नाही. सोनोग्राफीवर बोलावं लागलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं 1988 मध्येच कायदा केला, देशाचा 1994 मध्ये आला, हे मी फळ्यावर लिहिलं.

तिनं फळ्याकडे बघितलं, मग वहीकडे. "म्हणजे 914 कायद्याच्या नंतरचे?"

पुढचा धडा त्या तासाला झाला नाही.