भोवरे गेले खड्ड्यात

पाऊस लागला की नाशिकमध्ये चौकशी दोनच गोष्टींची होते : गंगापूर धरण किती भरलं आणि रस्त्याची चाळण किती झाली. या दिवसांत खड्ड्यांची बाजू घेणारा माणूस मार खाईल. तरी घेतो, कारण अतिसंवाहकांवर, म्हणजे पुरेसं थंड केलं की विजेला रोधच न करणाऱ्या पदार्थांवर, काम करणारी मंडळी त्यांत खड्डे मुद्दाम पाडतात, तेही महागड्या यंत्रांनी.

लोखंडाचं आणि अतिसंवाहकतेचं पटेल, अशी आशा फारशी कुणी धरली नव्हती; चुंबकत्वाशी तिचं हाडवैर. पण 2008 साली जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह आणि आर्सेनिकचं एक संयुग 26 केल्विनला, म्हणजे उणे 247 अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक होतं असं दाखवलं. त्याच्या बेरियम-पोटॅशियमवाल्या भावंडाने पुढे 38 गाठले.

रोध शून्य झाला म्हणून वाटेल तेवढा प्रवाह सोडता येतो, असं मात्र नाही. चुंबकीय क्षेत्र या पदार्थांत बारीक नळ्यांसारखं घुसतं. प्रत्येक नळीभोवती वीज गरगरते, म्हणून ते भोवरे. तारेतून प्रवाह सोडला की या भोवऱ्यांना आडवा रेटा बसतो. ते सरकले की ऊर्जा खर्ची पडते, पदार्थ तापतो आणि शून्य रोधाची सगळी ऐट उतरते. ज्या प्रवाहाला भोवरे सरकू लागतात, ती मर्यादा म्हणजे क्रांतिक प्रवाह.

भोवऱ्याच्या पोटात अतिसंवाहकता मेलेली असते, आणि ती मारायला ऊर्जा मोजावी लागते. आधीच बिघडलेली जागा सापडली तर तो खर्च वाचतो, म्हणून भोवरा तिथेच ठाण मांडतो. द्वारका चौकात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात रिक्षाचं पुढचं चाक जातं, मागून चौघे ढकलतात, रिक्षा ढिम्म. भोवऱ्याचं अस्संच व्हायला हवं असतं!

असे खड्डे पाडायचे तर सोन्यासारख्या जड मूलद्रव्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, प्रचंड वेगाने आदळवतात. स्फटिकात काही नॅनोमीटर जाडीचे सरळ बोगदे पडतात, साधारण भोवऱ्याच्या पोटाच्या मापाचे. प्रोटॉन सोडले तर अणू ठिकठिकाणी जागचे उडतात आणि विखुरलेले बारीक दोष तयार होतात. एक टेस्ला क्षेत्रात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 48 अब्ज भोवरे असतात. खड्डेही त्याच हिशेबाने लागतात.

विकिरण आम्हाला नवं नाही म्हणा. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरण देतात, आणि तिथेही मात्रा सांभाळावी लागते. लोखंडाच्या या अतिसंवाहकांत माऱ्याची मात्रा बेताची असली, तर अतिसंवाहक होण्याचं तापमान जेमतेम घसरतं आणि क्रांतिक प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. मारा हाताबाहेर गेला की स्फटिकच खिळखिळा होतो, मग तापमानही जातं आणि प्रवाहही.

शिवाय जड आयन काही मायक्रोमीटर, फार तर काही दशक मायक्रोमीटर आत शिरतात. किलोमीटरभर तारेवर हा मारा करत बसणं कुणाला परवडणार? म्हणून तार बनवणारे पदार्थ घडवतानाच त्यात दोष पेरायला बघतात, आणि ते काम भलतंच किचकट आहे.