मुक्कामाला येताय? आधी शिध्याचं बघा

दोन-तीन महिने एखाद्या संस्थेचं काम करायला पुण्या-मुंबईकडची मुलंमुली वर्धा, यवतमाळ, अकोल्याकडच्या गावांत येतात आणि कुणाच्या तरी घरी राहतात. येण्याआधी त्यांचे प्रश्न ठरलेले: जेवण किती तिखट असतं आणि रेंज येते का? तिखटाची सवय होते, रेंज गच्चीवर मिळते. विचारायला हवं ते वेगळंच. आपल्या येण्यानं त्या घराला रोज किती जास्तीचं धान्य, पाणी, सरपण लागणार, आणि ते कोण उपसणार? घरचे लोक हे तोंडानं सांगत नाहीत. "काही होत नाही जी, राहा ना आरामात," एवढंच ऐकू येतं.

धान्याचंच घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. कष्टाचं काम करणारा माणूस १०-१२ किलो सहज खातो. वरचं धान्य घरच्या कोठीतून निघतं नाहीतर किराण्याच्या उधारीत चढतं. तुमचं नाव त्या कार्डावर नाही, म्हणजे तुमचा घास सगळाच वरचा. एका माणसामागं महिन्याला गहू-तांदूळ-ज्वारी मिळून १२ किलो, तूरडाळ दीड किलो, तेल किलोभर, साखर दीड किलो आणि चहापत्ती पाव किलो एवढा शिधा धरा. पहिल्याच आठवडी बाजारातून तो आणून ठेवा. गॅस असेल तर सिलिंडरच्या निम्म्या पैशांचं आधीच बोलून घ्या. १४.२ किलोची टाकी या घरांत जपूनच वापरतात, रोजचा निम्मा स्वयंपाक चुलीवर होतो.

रोख द्यायचं असेल तर रक्कम संस्थेच्या माणसानं ठरवावी आणि आल्या दिवशीच, घरच्या बाईच्या हातात द्यावी. घरधन्याकडे दिलेले पैसे कृषी केंद्राच्या, म्हणजे बी-खताच्या दुकानाच्या, उधारीत जातात. त्यात त्याची चूक नाही, पेरणीच्या तोंडावर ते बिल सगळ्यांत आधी भरावं लागतं, पण डाळ-तेलाचा खड्डा तसाच राहतो. निघताना पाकीट पुढं करणं सगळ्यांत वाईट. तेव्हा ते परतच येतं, आणि वर तुमच्याच पिशवीत सांडगे-पापड पडतात.

ताटावर बसल्यावर एक गोष्ट नीट बघा. आधी पुरुष, पाहुणा आणि पोरं जेवतात, बाया शेवटी. दुसऱ्यांदा भाजी घेण्याआधी कढईकडे नजर टाका. तळाला वांग्याच्या दोन फोडी आणि टोपल्यात दीड भाकर उरली असेल, तर ते उरलेलं नाही, ते घरच्या बाईचं जेवण आहे. आग्रह तरीही होणारच: "काहून बाप्पा, आवडलं नाही काय?" त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्यांदा निम्मंच वाढून घ्या, म्हणजे आग्रहाला एकदा हो म्हणता येतं आणि पोटही बिघडत नाही. तिखट झेपत नसेल तर स्वयंपाकाला बसण्याआधी सांगा, ताट समोर आल्यावर नाही. वरण-भात, कढी, ताक घरात असतंच. तुमच्यासाठी वेगळी भाजी टाकायला लावू नका.

पोट बिघडलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घेत राहा. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

पाण्याचं गणित उन्हाळ्यात फार कडक होतं. नळ दिवसाआड, कुठे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. तोवर गुंड (पाण्याची मोठी घागर), ड्रम आणि टाक्यात भरलेलंच पुरवायचं. शहरी माणसाची अंघोळ, डोक्यावरून पाणी आणि दोन कपडे म्हणजे चार-पाच बादल्या संपल्याच. अर्ध्या-पाऊण बादलीत अंघोळ जमवा. कपडे नळाच्या दिवशीच धुवा. आणि नळ आला की, पहाटे का असेना, उठून भरायला लागा. स्वतःच्या हातानं भरल्याशिवाय पाणी किती लागतं ते कळत नाही.

प्यायच्या पाण्यात ग्लास बुडवू नये, ओगराळ्यानं काढावं आणि गडव्यातून वरून प्यावं. पाणी उकळून मागू नका, त्याला लागणारं सरपण घरच्या बाईनं डोक्यावरून आणलेलं असतं. क्लोरिनच्या गोळ्या सोबत ठेवा, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी कपड्यानं गाळा, नाहीतर क्लोरिन गाळातच खर्ची पडतं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जमिनीखालचं पाणीच खारट आहे. तिथं साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी कुठून येतं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

हिवाळ्यात अंघोळीचं पाणी चुलीवर किंवा बंबात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, तापतं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तशीच विझते, त्यामुळे पाणी तापेपर्यंत कुणीतरी जवळ बसून काड्या सारत राहावं लागतं. ते काम तुम्ही उचला. पिशवीत पाणी तापवायचा रॉड आणू नका. बऱ्याच घरांत अर्थिंग नसतं आणि व्होल्टेजही कमी-जास्त होतं. कूलरचंही तेच. पाणी टाकताना आधी प्लग काढायचा, पायात चप्पल हवी, हात कोरडा हवा. लोखंडी बॉडीला ओल्या हातानं शॉक लागतो आणि त्यात माणसं जातात. घरचे तसंच पाणी ओतताना दिसले, तर निदान प्लग तुम्ही काढा.

बाईमाणसांच्या गोष्टी घरच्या बाईशीच, आणि पहिल्या दिवशीच, उघड बोलाव्यात. न्हाणीला बऱ्याचदा अर्धी भिंत असते, त्यामुळे जाड गाऊन आणि एक जुनी साडी आडोशाला हवी. पाळीच्या दिवसांत चूल आणि देवघराचं त्या घरात काय चालतं तेही विचारून घ्या. वाद नंतर घालता येतो, नकळत शिवाशिव झाली तर बोलणी सासूची सुनेला बसतात. पॅड संडासात टाकू नका, दोन खड्ड्यांचा संडास त्यानं तुंबतो आणि गावात मैल्याची गाडी येत नाही.

पावसाळ्यात खाली झोपू नका. मण्यार साप रात्री फिरतो, झोपलेल्यालाच चावतो, आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. बाज घ्या, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, अंगणात जाताना टॉर्च हवाच. चावल्याचा संशय जरी आला तरी मांत्रिक नाही, आवळून बांधणं नाही, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.

मदतीचा उत्साह जरा आवरा. निंदणात नवख्याच्या विळ्याखाली गवताबरोबर पऱ्हाटीचं रोपही जातं. कापूस वेचताना दव सुकल्याशिवाय हात लावायचा नसतो, आणि पानाचा कचरा आला की भाव पडतो. तुमचा उपयोग कागदांना जास्त आहे. ई-पीक पाहणी (मोबाईलवरची पिकाची नोंद), पीकविमा, बँकेची केवायसी, पोरांचे फॉर्म. फक्त ओटीपी आणि पासबुक त्यांच्याच हातात राहू द्या. पुढे कुठे घोळ झाला तर संशय पाहुण्यावर जातो.

आता सगळ्यांत नाजूक भाग. तुम्ही कुणाच्या घरी उतरलात यावरून गाव ठरवतं की तुमच्याकडे कोण येणार. पाटलाच्या वाड्यावर राहिलात तर पलीकडच्या वस्तीतलं कुणी तिथं येऊन मोकळं बोलणार नाही. सरपंचाच्या गटातल्या घरी राहिलात तर दुसरं पॅनल तुम्हाला त्यांचाच माणूस समजतं. म्हणून बैठका घरी घेऊ नका. शाळा, समाजमंदिर, बौद्ध विहार, ग्रामपंचायत, अशा जागा आळीपाळीनं धरा. प्रत्येक वस्तीत चहा घ्या, आणि तो घेणार आहात हे यजमानाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नंतर कळलं तर त्याला ते लपवल्यासारखं वाटतं. वेळही बघून घ्या. पेरणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत (कापणीत) दिवसा कुणी सापडत नाही, जेवणं उरकल्यावरच बसावं लागतं. पोळ्यानंतर सोंगणी लागेपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात मोकळे, पण महालक्ष्म्यांचे (गौरींचे) तीन दिवस सोडून. त्या दिवसांत सोवळ्याच्या घरी स्वयंपाकघरात घुसू नका, बाहेर पाणी भरा, केळीची पानं धुऊन द्या.

सोबत परदेशी मित्र असेल तर आणखी एक काम. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करणं ही ज्याच्या घरी तो उतरला त्याची जबाबदारी असते. शेतकऱ्याला हे ठाऊक नसतं. पोलीस विचारायला आले की घाबरतो तो घरमालक, मित्र नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो काढून संस्थेनं पहिल्याच संध्याकाळी फॉर्म भरावा, आणि त्याची छापील प्रत घरमालकाकडे ठेवावी.