कट्टा लॉग: ‘येतोय हं’ जमलं, तिघांची रांग अजून अडते

मंडळी, मागच्या अपडेटला जिथे अडकलो होतो तिथून एक पाऊल पुढे आलोय. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत, म्हणजे मैदानाभोवतीच्या बसायच्या बुटक्या भिंतीलगत, आपल्या ग्रुपने पळताना पुढच्या माणसाला न दचकवता ओव्हरटेक कसं करायचं, याचं अर्धं उत्तर हाती लागलंय. दुसऱ्या अर्ध्यावर अजून झटापट चालू आहे.

आधी दिशेचा विषय मिटवूया, कारण ‘चालणाऱ्यांच्या समोरून पळा, म्हणजे ते आपल्याला बघतील’ हा सल्ला फिरून फिरून येतोय. कट्ट्याची फेरी साधारण १.१७ किमी. ६ च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं या वेगाने, ती ७ मिनिटांत होते. १० च्या पेसने चालणाऱ्याला पावणेबारा मिनिटं लागतात. दहा फेऱ्यांच्या ७० मिनिटांत एकाच दिशेने जाणारा माणूस आपल्याला ४ वेळा भेटतो, समोरून येणारा तब्बल १६ वेळा. वाटेवर असे ४० जण धरले तर १६० ओव्हरटेक की ६४० आमनेसामने, असा हिशेब आहे. शिवाय समोरासमोर दोघांमधलं अंतर सेकंदाला ४.४ मीटरने घटतं, म्हणजे १० मीटर सव्वादोन सेकंदांत संपले. तेवढ्यात दोघेही एकाच बाजूला सरकतात आणि नाचानाच होते. मागून जाताना हेच १० मीटर संपायला ९ सेकंद मिळतात. वेळ भरपूर आहे, फक्त पुढच्याला पाठीला डोळे नाहीत. म्हणून आम्ही प्रवाहाबरोबर पळतोय, शक्यतो कट्टा डाव्या हाताला ठेवून. त्याचा आणखी एक फायदा: सावकाश चालणारे डावीकडे कट्ट्याच्या बाजूला राहिले की ओव्हरटेक उजवीकडून, रस्त्याच्या अंगाने होतो. कट्टा उजव्या हाताला असेल तर ओव्हरटेक नेमका बसलेल्यांच्या पायांवरून आणि थर्मासवरून जातो.

आता मूळ दुखणं. हाक काय मारायची?

‘उजवीकडून’ आम्ही सगळ्यात जास्त दिवस चालवलं आणि सगळ्यात जास्त घोळ त्यानेच घातला. धापा टाकताना शब्दाचं शेपूट गळतं, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त ‘उजवी’ पडतं आणि तो आज्ञा पाळल्यासारखा उजवीकडे सरकतो, म्हणजे थेट आपल्या वाटेत. बाहेरच्या देशांतले लोक ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणतात ते तिथे उजव्या बाजूने चालायची रीत आहे म्हणून, आणि तिथल्या कानांना ते सवयीचं आहे म्हणून. इथे दोन्ही लागू नाही. ‘साइड, साइड’ ही हातगाडीची हाक आहे. ती ऐकून माणूस जागच्या जागी थांबतो आणि थांबलेला माणूस चालत्या माणसापेक्षा जास्त धोक्याचा. ‘एक्सक्यूज मी’ लांबलचक आहे, त्याला माणूस मागे वळतो. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल त्याच बाजूला पडतं. ‘नमस्कार’ची हीच अडचण. मागून नमस्कार आला की कोण ओळखीचं म्हणून शंभरातले शंभर लोक वळणारच, आणि वळावंच. तो त्यांचा चांगुलपणा आहे. सायकलची घंटी आणि शिट्टी आम्ही कायमची बाद केली. घंटीने लोक दोन्ही बाजूंना उडी मारतात. शिट्टीने वळतात ती नेटमधली क्रिकेटची पोरं.

सध्या जे जमतंय ते असं. साधारण १५ मीटरवर, म्हणजे तीन मोटारींच्या लांबीइतक्या अंतरावर, दोन-तीन पावलं बूट जरा घासून टाकायचे. लाल मातीच्या बारीक कचीमुळे फुटपाथवर तो आवाज छान येतो. पुढच्याच्या कानाला ‘मागे कुणीतरी आहे’ एवढं कळतं, वळावंसं वाटत नाही. मग वेग जरा उतरवायचा, किलोमीटरला ३० सेकंद जास्त लागतील इतका. ७-८ मीटरवर खालच्या पट्टीत, न ओरडता: ‘येतोय हं.’ दीड हात अंतर ठेवून पुढे जायचं, आणि पुढे गेल्यावर, चेहरा दिसेल इतपत वळून, हात वर करून ‘नमस्कार’. थोडक्यात सूचना आधी, ओळख नंतर. आम्ही आजवर दोन्ही एकाच शब्दात कोंबायला बघत होतो, तिथेच चुकत होतं.

यात ‘हं’ गाळू नका. नुसतं ‘येतोय’ म्हटलं की हटा असं ऐकू येतं. ‘येतोय हं’ हे आपण घरात गरम पातेलं घेऊन जाताना म्हणतो तसं आहे: तुम्ही आहात तिथेच राहा, मी जपून जातो. बायका ‘येतेय हं’ म्हणतात, त्यांचा आवाज मुळातच कमी दचकवतो असं दिसतंय. काका-काकू लावायची गरज नाही. पाठीवरून वय ओळखायला जाल तर हमखास फसाल.

पेस कमी करायला ज्यांचा जीव होत नाही त्यांच्यासाठी: वीसेक सेकंद ६:०० ऐवजी ६:३० ने पळालात तर तोटा जेमतेम दीड-दोन सेकंदांचा. दहा फेऱ्यांत तो कुठे लागतही नाही.

आता न सुटलेला भाग. तिघं एका रांगेत गप्पा मारत चाललेले असले की हे तंत्र गडगडतं. कडेचे दोघे आपापल्या बाजूला सरकतात, मधला गोंधळतो आणि बरोबर मधोमध फट पडते. त्या फटीतून पळत जाऊ नये. मधला कधी कुणीकडे सरकेल सांगता येत नाही, आणि दोन गप्पा मारणाऱ्यांच्या मधून घुसणं बरंही दिसत नाही. आत्तापर्यंतचा उपाय एवढाच की चालीवर यायचं, त्यांच्यामागे पाच-सहा पावलं चालायचं. बहुतेक वेळा कुणीतरी स्वतःच आत सरकतं. फट मधेच दिली तर चालतच जायचं, आभार मानायचे, तीन-चार पावलांनंतर पुन्हा पळायचं. घड्याळ आपोआप पॉज होत असेल तर ते सेटिंग बंद ठेवा, नाहीतर चालणं म्हणजे रन तुटल्यासारखं वाटतं आणि माणूस घुसायला बघतो. रस्त्यावर उतरून बाजूने जाणं मात्र नाही. बसेस आणि पार्क केलेल्या गाड्यांची उघडणारी दारं, दोन्ही आहेत. इअरफोनवाल्याला कुठलीच हाक पोचत नाही; तिथे रुंद जागा येईपर्यंत मागे राहणं हाच मार्ग. खांद्याला हात लावणं बिलकूल नको.

आपले इअरफोन म्हणाल तर आम्ही कान मोकळे ठेवणारे, हाडातून आवाज नेणारेच सुचवतो. बाहेरचा आवाज मारणारे ग्रुपमध्ये नकोत, एका कानात घालूनही नकोत. पहाटे ५ ला हेडलॅम्प लावणाऱ्यांनी झोत ३-४ मीटरवर जमिनीकडे वाकवावा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. लाल ब्लिंकर पाठीला. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट धोबी तलावच्या दुकानांतून जाळीचंच घ्या. प्लास्टिकचं आपल्या दमटपणात दहा मिनिटांत अंगाला चिकटतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या बसल्या, त्याचा मनापासून आनंद आहे. बाटल्या आता कट्ट्यावर एकाच ठिकाणी, नाव लिहून, एकमेकींना खेटून राहतात. बसणाऱ्यांची जागा अडत नाही. आणि स्ट्रेचिंगला कट्ट्यावर पाय टाकणं बंद झालंय. बसलेल्या आजोबांच्या चहाच्या कपाशेजारी आपला मातीने भरलेला बूट येतो, हे एकदा त्यांच्या उंचीवर बसून पाहिलं की पुन्हा पाय उचलत नाही. पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला, आणि कट्टा बसायलाच आहे. पोटरीचं स्ट्रेचिंग झाडाला हात टेकून तितकंच होतं.

अंधारात एकटी पळणारी बाई पुढे असेल तर १५ मीटरचे २५ करा. बुटांचा आवाज आणि हाक, दोन्ही लवकर आणि स्पष्ट. तिच्या पेसला पेस जुळवून मागे राहायचं नाही. एक तर पुढे जा, नाहीतर चांगलं अंतर पडू द्या. ‘मस्त पळताय’ वगैरे नको. तिने हात केला तर हात करावा.

नमस्कारांची संख्या: समोरून येणारा १६ वेळा भेटणार असेल तर १६ नमस्कार दोघांनाही जड होतात. पहिल्या भेटीला शब्द, दुसऱ्या भेटीला हात, पुढे नजर पुरे.

हे लिहिता लिहिता तिघांच्या रांगेवर एक सुचलं. अडचण त्यांची तिघांची जितकी, तितकीच आपल्या सहा जणांच्या माळेचीही असावी. पहिला गेला की चालणारे परत मूळ जागी येतात आणि दुसऱ्याच्या पुढ्यात येतात. पहिल्याने आकडा सांगितला तर? ‘येतोय हं, तिघं.’ आणि शेवटच्याने जाताना ‘झालं, आभार.’ म्हणजे त्यांना कधी पुन्हा पसरायचं ते कळेल. त्यामुळे रविवारचा १४ जणांचा एकच गट रद्द. चार गट, ३-३-४-४, प्रत्येकात एक मिनिटाचं अंतर, एकामागे एक, जोडीने नाही. आकडा सांगायचं काम पुढच्याचं, ‘झालं’ शेवटच्याचं.

बुधवारची इंटरव्हल्सही (थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटून-पालटून पळणं) कट्ट्यावरून काढतोय. ४ च्या पेसला १० मीटर चार सेकंदांत संपतात, त्यात बूट घासणं, हाक, अंतर काहीच बसत नाही. ज्यांना जमेल त्यांनी प्रियदर्शिनी पार्कच्या ४०० मीटर ट्रॅकवर यावं. तिथे आतली लेन वेगवान लोकांची, वॉर्मअप आणि कूलडाऊन बाहेरच्या लेनमध्ये. बाहेर सरकाल तशी दर लेनमागे फेरी साधारण सात ते पावणेआठ मीटरने वाढते, ते गृहीत धरा.

संकष्टीला आणि मंगळवारी उद्यान गणेश मंदिरासमोरचा पट्टा चालत. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला येणारे लोक पार्कात उतरतात, तेव्हा ४ ते ७ डिसेंबर पार्क पूर्ण त्यांचा. आपले लाँग रन वरळी सी फेसला, पहाटे ५:१५. पेसर्सनी (गटाचा वेग सांभाळणाऱ्यांनी) गटांची नावं शनिवार रात्रीपर्यंत कळवा, आणि ‘झालं’ कोण म्हणणार तेही त्यातच लिहा.